स्टेमला हात लावण्याआधी सीट तपासा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वय ४३, उंची १६८ सेंमी, नाशिकला राहता. आठ महिन्यांपूर्वी हायब्रिड विकून ५४ साइझची रोडबाईक घेतलीत. त्र्यंबकेश्वरला जाऊन येताना चाळिसेक किलोमीटर झाले की उजव्या गुडघ्याची वाटी दुखायला लागते आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जास्त जाणवते. दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि त्यांच्या शेजारची बोटं बधिर होतात. सीट पुढून टोचते म्हणून तिचं टोक खाली झुकवलंत. डिसेंबरात २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, करायची आहे. आखूड स्टेम (हँडलला फोर्कशी जोडणारा तुकडा) घ्यावा की सरळ पैसे भरून बाईक फिट, म्हणजे सायकल शरीराच्या मापाला जुळवून, घ्यावी, हा तुमचा प्रश्न.

दोन्ही आत्ता नको. तुमच्या दुखण्याचं मूळ त्याच मजकुरात एका ओळीत आलंय: ‘पँटचं माप २९ इंच, त्यावरून ०.८८३ चं सूत्र लावून सीट ६५ सेंमीवर ठेवली आहे.’ सूत्र (पायाचं माप गुणिले ०.८८३) ठीक आहे, माप चुकीचं आहे. शिंपी पँटची आतली शिवण मोजतो. ती जांघेच्या खाली सुरू होते आणि घोट्याच्या आसपास संपते. सायकलसाठी लागतं ते पायाचं पूर्ण माप, म्हणजे बसण्याच्या हाडापासून जमिनीपर्यंत. या दोन मापांत सहज चार-पाच सेंमीचा फरक पडतो.

आज घरीच मोजा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पावलांत वीतभर अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याची वही दोन्ही पायांच्या मध्ये धरा, तिची एक कड भिंतीला टेकवा आणि सीटवर बसल्यावर जितका दाब येतो तितक्या जोराने ती वर दाबा. हलकेच टेकवली तर पुन्हा माप कमी येईल. घरातल्या कुणाला तरी वहीच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर पेन्सिलीची खूण करायला सांगा. तीन वेळा मोजून सरासरी घ्या. तुमच्या उंचीच्या पुरुषाचं हे माप बहुतेक ७७ ते ७९ सेंमीमध्ये येतं. आपण ७८ धरू.

७८ गुणिले ०.८८३ म्हणजे ६८.९ सेंमी. हे अंतर क्रँक (पेडल ज्याला बसतं तो दांडा) ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीट ट्यूबच्या, म्हणजे सीटखालच्या फ्रेमच्या नळीच्या, रेषेत मोजायचं. हे सूत्र अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जातं. दुसरं सूत्र १९६७ सालच्या हॅम्ली आणि थॉमस यांच्या अभ्यासातलं: पायाच्या मापाच्या १०९ टक्के, पण पेडलच्या आसापासून. त्याने ८५ सेंमी येतात. त्यातून १७० मिमीचा क्रँक वजा केला की उरले ६८. एकाच माणसासाठी दोन नावाजलेली सूत्रं जवळजवळ एक सेंमीच्या फरकाने उत्तर देतात. म्हणून सूत्राला मी सुरुवातीचा अंदाज मानतो, त्यापलीकडे नाही. पण दोन्हींपैकी कुठलंही घेतलं तरी तुमची सीट किमान ३ सेंमी खाली आहे, आणि ३ सेंमी म्हणजे फार झाले.

सीट खाली असली की नेमकं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचे निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील. पेडल वरच्या टोकाला येतं तेव्हा गुडघा सर्वांत जास्त वाकलेला असतो, आणि सीट जितकी खाली तितका तो आणखी वाकतो. वाकलेल्या गुडघ्यात मांडीचा पुढचा स्नायू वाटीला मांडीच्या हाडावर दाबतो. पेडल खाली ढकलायला सुरुवात होते ती नेमकी याच अवस्थेत. म्हणजे वाकण जास्त आणि जोरही जास्त, दोन्ही एकाच क्षणी वाटीमागच्या कूर्चेवर येतात. जिना उतरताना दुखतं तेही याच जागी, कारण तिथेही वाकलेल्या गुडघ्यावर भार येतो. २०० किलोमीटर म्हणजे थांबे सोडून दहा तास पेडल मारणं धरलं आणि मिनिटाला ७५ फेरे धरले, तर प्रत्येक गुडघा ४५,००० वेळा या अवस्थेतून जाणार आहे. एकदा-दोनदा सोसण्यासारखा दाब इतक्या वेळा सोसवत नाही.

आता सीट वर घ्या, पण एका झटक्यात ३ सेंमी नाही. पोटरी, मांडीच्या मागचे स्नायू आणि खुबा यांना आठ महिन्यांत खालच्या सीटची सवय झाली आहे. एकदम वर घेतलीत तर वाटीचं दुखणं जाऊन गुडघ्यामागे किंवा टाचेच्या वरच्या शिरेत नवं दुखणं सुरू होईल. दर वेळी ५ मिमी, आणि मध्ये किमान दोन-तीन छोट्या राईड. सीटपोस्टवर, म्हणजे सीट ज्या दांड्यावर बसते त्यावर, सध्याच्या जागी इन्सुलेशन टेपची पट्टी चिकटवा, म्हणजे परत यायचा रस्ता राहील. ६७.५ पर्यंत असे चढत जा, तिथून पुढे आकड्यापेक्षा शरीराचं ऐका. पेडल खाली असताना टाच ओढून चवडा ताणावा लागतोय, मागून बघणाऱ्याला कंबर डावी-उजवी डोलताना दिसतेय, किंवा गुडघ्याच्या मागच्या खोबणीत ओढ बसतेय, यातलं काहीही झालं तर ५ मिमी खाली या आणि तिथेच थांबा.

खात्री करायची असेल तर मोबाईल पुरेसा आहे. ट्रेनर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) असेल तर त्यावर, नसेल तर मोकळ्या रस्त्यावर मित्राला कडेला उभं करून. कॅमेरा सीटच्या उंचीवर आणि सायकलला अगदी काटकोनात हवा, तिरका धरला की कोन खोटे येतात. तीन ठिकाणी रंगीत टिकल्या लावा: खुब्याच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडावर, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, आणि घोट्याच्या बाहेरच्या हाडावर. दहा मिनिटं पेडल मारून अंग मोकळं झाल्यावर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. पेडल तळाला असताना पाय पूर्ण सरळ होण्यापासून किती अंश कमी पडतो ते बघा. थांबलेल्या सायकलवर मोजलं तर २५ ते ३५ अंश ही जुनी, मान्य मर्यादा आहे. चालत्या पायात तोच कोन जास्त भरतो, कारण पेडल मारताना टाच आणि कंबर आपली जागा बदलतात. त्यामुळे व्हिडिओत ३० ते ४० च्या मध्ये असलात तर ठीक. वाटी दुखणाऱ्या माणसाला मी या पट्ट्याच्या कमी अंशांच्या बाजूला, म्हणजे पाय जास्त सरळ होईल असा ठेवतो.

आता हात. बोटं बधिर होतात म्हटल्यावर सगळे हँडलकडे बघतात, तुम्हीही स्टेमपर्यंत पोचलात. करंगळी आणि अनामिका हीच दोन बोटं बधिर होतात याचा अर्थ तळहाताच्या करंगळीकडच्या कडेला, मनगटाजवळ, अल्नर नस दबते आहे. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर झाली असती तर नस दुसरी असती आणि मी मनगट किती वाकतंय ते आधी पाहिलं असतं. नस दबते कारण तळहातावर वजन जास्त येतं. आणि वजन येतं कारण तुम्ही सीटचं टोक खाली झुकवलंय. झुकलेल्या सीटवरून माणूस सतत पुढे घसरतो आणि दोन्ही हातांनी स्वतःला मागे लोटत राहतो. घरात जिन्याच्या पायरीवर पुढे कलून दोन तास हात टेकून बसलात तर हातांचं जे होईल तेच इथे होतंय.

मग सीट टोचत का होती? पुन्हा उंचीच. सीट खाली असली की पायांवर वजन नीट येत नाही, पेडलवर उभा राहण्याऐवजी माणूस सीटवर पोत्यासारखा बसतो. ढुंगणाची हाडं मागच्या रुंद भागावर टेकायला हवीत, ती सरकून पुढे येतात आणि भार नाजूक भागावर पडतो. तुमच्या सीटचं कव्हर एकदा उन्हात तिरकं धरून बघा. टोकाकडचा भाग गुळगुळीत, चकचकीत झालेला आणि मागचा रुंद भाग नव्यासारखा असेल तर तुम्ही कुठे बसता हे तिथे स्पष्ट दिसेल.

म्हणून क्रम असा: पहिल्या दिवशीच सीट सपाट करा. स्पिरिट लेव्हल मोबाईलमध्येच असते. सीटवर एक सपाट पुस्तक ठेवून त्यावर मोबाईल ठेवा आणि सायकल सपाट फरशीवर आहे ना ते आधी तपासा. अगदीच त्रास झाला तर टोक १ ते २ अंश खाली चालेल, त्याहून जास्त नाही. मग उंची वाढवायला सुरुवात. नंतर पुढे-मागे.

पुढे-मागे ठरवायची जुनी रीत ओळंब्याची आहे. क्रँक जमिनीला समांतर करायचा, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावरून दोऱ्याला नट बांधून सोडायचा, तो पेडलच्या आसावर पडला की झालं. सायकली बनवणाऱ्या कीथ बाँट्रेजरने या नियमावर घेतलेला आक्षेप मला पटतो: गुडघा पेडलच्या बरोबर वर असण्याला यांत्रिक कारण काहीच नाही, कारण झोपून चालवायच्या सायकलवर तर गुडघा पेडलच्या वर येतच नाही आणि तरी माणूस व्यवस्थित पेडल मारतो. तरीही ओळंबा मी टाकत नाही. सुरुवातीची जागा म्हणून तो बरा आहे. खरी परीक्षा तोलाची. ट्रेनरवर, रोजच्या जोराने पेडल मारताना दोन्ही तळवे हँडलपासून बोटभर उचलून बघा. लगेच पुढे पडायला झालं तर सीट मागे न्यायला हवी. चार-पाच सेकंद सहज तग धरलात तर जागा योग्य आहे. हे रस्त्यावर करू नका.

इथे एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सीट ट्यूब तिरकी असते, साधारण ७३ अंशांत. त्यामुळे सीट ३ सेंमी वर घेतलीत की ती आपोआप ९ मिमी मागेही जाते. म्हणजे हँडल तितकं लांब गेलं, आणि सीटच्या मानाने ३ सेंमी खालीही गेलं. सीट दुरुस्त केल्यावर ‘आता पाठ दुखते’ म्हणून लोक परत सीट खाली करतात ते यामुळे. त्याऐवजी हँडल वर आणा. तुमच्या फोटोत स्टेमच्या वर तीन रिंगा दिसतात, त्या स्टेमच्या खाली घ्या. स्टेम उलटा बसवून त्याचा कल वरच्या बाजूला केला तर आणखी थोडं मिळेल. हे करताना आधी स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट सैल करायचे, मग वरच्या टोपीचा. बसवताना उलट: आधी टोपी, हँडल खुळखुळत नाही आणि अडकतही नाही इतपत, आणि मग बाजूचे. ते बोल्ट किती न्यूटन-मीटरपर्यंत घट्ट करायचे ते तिथे छापलेलं असतं, बहुतेक ५ च्या आसपास. फोर्क कार्बनचा असेल तर टॉर्क रेंचशिवाय (बोल्ट ठरावीक जोरानेच घट्ट करणारा पाना) हात लावू नका, दुकानात जा.

एवढं झाल्यावरही कोपरं ताठ ठेवूनच ब्रेकपर्यंत पोचता येत असेल, तर मग आखूड स्टेम. तुमच्या उंचीला बऱ्याच कंपन्यांची ५२ ची फ्रेम बसली असती, ५४ किंचित मोठी आहे. पण सायकल विकायचं कारण नाही, १०० मिमीच्या जागी ८० मिमीचा स्टेम एवढ्यात भागतं. फक्त तो सगळ्यात शेवटी. आधी घेतलात तर चुकीच्या जागी बसलेल्या माणसाला जुळणारा स्टेम घेतलात असं होईल.

टायरमधल्या हवेचाही हाताशी संबंध आहे. दुकानात १०० ते १२० पीएसआय भरून देतात. ७२ किलो वजनाच्या माणसाला २८ मिमीच्या टायरमध्ये ७० ते ८० पुरे. आपल्या रस्त्यांवर तो फरक तळहाताला पहिल्याच किलोमीटरला कळतो.

उजवाच गुडघा का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सीट खाली असण्याचा त्रास दोन्ही पायांना सारखा व्हायला हवा. एकच पाय दुखतो तेव्हा मी बूट हातात घेतो. तुमची क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला बसवलेली, पेडलमध्ये अडकणारी पट्टी, लाल आहे. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये लाल म्हणजे पाय अजिबात फिरू न देणारी, निळीत २ अंशांची मोकळीक, पिवळीत ६. लाल क्लीट एखाद-दोन अंश वाकडी बसली असेल तर प्रत्येक फेऱ्यात तुमचं पाऊल एकीकडे आणि गुडघा दुसरीकडे जायला बघतो, आणि त्या ओढाताणीत वाटी आपल्या खोबणीच्या कडेला घासते. टेबलाच्या कडेवर बसून पाय सैल लोंबकळू द्या आणि खाली बघा. डाव्याची बोटं सरळ आणि उजव्याची थोडी बाहेर, असं काहीसं दिसेल. क्लीट तो नैसर्गिक कल घेऊन बसायला हवी. पिवळी क्लीट आणा, दोन्ही पायांना. पुढे-मागे ती अशी बसवा की पेडलचा आस अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या हाडाच्या किंचित मागे पडेल. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाची हाडं बुटावरून चाचपून पेनने खुणा केल्या की काम सोपं होतं.

त्यानंतरही उजवाच दुखला तर पायांच्या लांबीतला फरक, खुब्याची ताकद, जुनी दुखापत हे बघावं लागेल. त्यासाठी मात्र कुणीतरी तुम्हाला टेबलावर झोपवून तपासलं पाहिजे. क्लीटखाली चकत्या घालण्याचा प्रयोग घरी करू नका. बऱ्याचदा पाय आखूड नसतो, कंबर एका बाजूला झुकलेली असते, आणि चकती ती तशीच कायम करते.

गिअरबद्दल. तुम्ही लिहिलंय की त्र्यंबककडे जाताना मोठ्या गिअरवरच राहता, ‘ताकद वाढावी म्हणून’. हिशेब बघा. १५० वॉट काम करायचं आहे. मिनिटाला ६० फेऱ्यांनी केलंत तर १७० मिमीच्या क्रँकवर सरासरी १४ किलोचा जोर सतत लावावा लागतो. ९० फेऱ्यांनी केलंत तर साडेनऊ किलोचा. वेग तोच, काम तेच. आणि ही सरासरी आहे, पाय खाली ढकलतानाचा जोर याच्या कितीतरी वर जातो. दुखरा गुडघा असताना ८० च्या खाली येऊ नका, चढावर गिअर संपले तर मागे मोठं स्प्रॉकेट (दातेरी चक्र) बसवून घ्या. त्यात कमीपणा काही नाही. व्यावसायिक सायकलपटूही आता गुडघा आणि खुबा कमी वाकावा म्हणून आखूड क्रँककडे वळलेत, तादेय पोगाचार २०२४ पासून १६५ मिमीचे वापरतो. तुम्हाला आत्ता क्रँक बदलायची गरज नाही.

एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत. तारीख, काय बदललं, किती मिमी, किती किलोमीटर चालवली, कुठे दुखलं. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स शर्यतीतसुद्धा अॅलन की जवळ ठेवून सीट वर-खाली करायचा. पण त्यामागे १९६९ साली फ्रान्समधल्या ब्ल्वाच्या ट्रॅकवर झालेला अपघात होता, त्यात त्याची कंबर दुखावली आणि त्यानंतर सीटवर तो पुन्हा कधीच निवांत बसला नाही. तुम्हाला तशी दुखापत नाही. तुम्ही सीट, क्लीट आणि स्टेम एकाच रविवारी बदललेत तर बरं वाटलं तरी कशाने ते कळणार नाही, आणि वाईट वाटलं तर सगळंच उलटं फिरवावं लागेल.

पैसे भरून फिट करून घेण्याच्या मी विरोधात नाही, ते माझं कामच आहे. पण वर लिहिलेलं सगळं तुम्ही अॅलन की आणि दोऱ्यावर करू शकता, आणि ते करून आलेल्या माणसाचं फिटिंग जास्त चांगलं होतं, कारण त्याला आपलं शरीर कळलेलं असतं. जाल तेव्हा एवढं बघा: फिटिंग करणारा तुम्हाला सायकलवर बसवण्याआधी जमिनीवर तपासतो का? गुडघा, खुबा, घोटा हलवून बघतो का, वाकायला सांगतो का, दुखण्याचा इतिहास विचारतो का? शेवटी सगळी मापं लिहून देतो का? आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा बोलावतो का? यातलं काहीच नसेल तर लेझर आणि कॅमेरे कितीही असोत, तिथे पैसे घालू नका. जमिनीवर बसून ज्याची बोटं पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचत नाहीत त्याला कुठल्याही यंत्राच्या सांगण्यावरून खाली वाकवून बसवलं तर त्याची कंबर आणि मान ते सोसणार नाही. लांब पल्ल्यात मानेचं काय होऊ शकतं हे १९८३ च्या रेस अॅक्रॉस अमेरिका या अमेरिका आरपार करण्याच्या शर्यतीत सायकलपटू मायकेल शर्मरच्या बाबतीत दिसलं: मानेच्या स्नायूंनी इतका असहकार केला की डोकं वर धरता येईना. ते दुखणं आज त्याच्याच नावाने ओळखतात. २०० किलोमीटरला तसं होत नाही, पण बीआरएमच्या शेवटच्या टप्प्यात मान खाली घालून चाललेली माणसं दर वेळी दिसतात.

काही लक्षणांत सीटशी खेळत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा: गुडघ्याला सूज येणं, तो मध्येच अडकणं, रात्री झोपेत दुखणं. बोटांचा बधिरपणा राईडनंतर दोन-तीन दिवस राहिला, किंवा किल्ली फिरवताना, बटण लावताना बोटांत जोर कमी वाटला तरीही जा. जांघेतला बधिरपणा राईड संपल्यावर काही वेळात गेला नाही तर तो संकोचून लपवू नका.

डिसेंबरपर्यंत आता असं करा. पहिले दोन आठवडे सीट सपाट, पिवळी क्लीट, आणि एकावेळी ३० किलोमीटरच्या वर नाही. दुखायला लागायच्या आत घरी यायचं. मग सीट ५-५ मिमीने वर, हँडलच्या रिंगा खाली. रोज घरी दहा मिनिटं पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायची, आणि एका पायावर उभं राहून दुसरा पाय पायरीवरून सावकाश खाली टेकवायचा, गुडघा आत न जाऊ देता. सीट जागेवर आली आणि दोन आठवडे दुखणं नसलं तरच अंतर वाढवा, दर आठवड्याची लांब राईड आधीच्यापेक्षा दहा-पंधरा किलोमीटरने जास्त, एवढंच. बीआरएमच्या आधी एकदा १३०-१४० किलोमीटर झाले पाहिजेत, त्याच बुटांत, त्याच पॅडच्या चड्डीत. साडेतेरा तासांची मुदत आहे, घाई करावी लागत नाही. शेवटच्या पंधरा दिवसांत सायकलचं कुठलंच माप बदलू नका, सीटपोस्टवरच्या टेपची पट्टी तेवढी नव्या जागी चिकटवून घ्या, आणि ४ व ५ मिमीची अॅलन की खिशात ठेवा, कारण खड्ड्यातल्या दणक्याने सीट खाली सरकली तर ती मूळ जागी आणता आली पाहिजे.